अंगावरून काही जात नाही, म्हणजे पिशवी ठीक आहे असं नव्हे

प्रश्न : आमची चिकू साडेआठ वर्षांची लॅब्रॅडॉर आहे, वजन 30 किलो. नसबंदी केलेली नाही, पिल्लंही कधी झाली नाहीत. पाच आठवड्यांपूर्वी तिची हीट (माज) संपली. गेले सहा दिवस ती पाण्याच्या भांड्यालाच चिकटलेली असते. दोन लिटरचं भांडं दिवसातून दोनदा भरावं लागतं आणि कधी नव्हे ते रात्री हॉलमध्ये शू करते. जेवण निम्म्यावर आलंय, काल दोनदा उलटी झाली. जवळच्या डॉक्टरांनी टिक फीव्हरची (गोचिडीच्या तापाची) शंका घेऊन अँटिबायोटिक सुरू केलं. त्याने दोन दिवस तरतरी आली, आता पुन्हा पडून असते. माझ्या मावशीच्या कुत्रीला पायोमेट्रा (गर्भाशयाच्या पिशवीत पू) झाला होता, पण तिच्या अंगावरून खूप घाण जायची. चिकूचं तसं काहीच नाही. सासूबाई म्हणतात, वय झालं, आता कापाकापी नको. सोमवारपर्यंत वाट पाहावी का? गोळ्या-इंजेक्शनांनी भागणार नाही का? या वयात ऑपरेशन तिला सोसेल का? घरात तीन वर्षांची बीगल, जिलबी, पण आहे. तिचीही नसबंदी झालेली नाही, दोन महिन्यांपूर्वी तिची हीट झाली. तिला लागण होईल का?
— एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : सोमवारपर्यंत थांबू नका. सोनोग्राफीची सोय असलेल्या प्राण्यांच्या दवाखान्यात आत्ताच फोन लावा आणि असं सांगा : "साडेआठ वर्षांची मादी, नसबंदी नाही, हीट संपून पाच आठवडे झाले, पाणी दिवसाला चार लिटर, उलट्या, अंगावरून काही जात नाही. पायोमेट्राची शंका आहे." एवढं ऐकल्यावर जाणकार माणूस तुम्हाला उद्याची वेळ देणार नाही. मग तीन गोष्टी विचारा. सोनोग्राफी आज होईल का? गरज पडली तर आजच शस्त्रक्रिया करतील असे सर्जन आणि गॅसची भूल तिथे आहे का? रात्री पेशंटजवळ माणूस असतं का? तिन्हींना 'हो' म्हणतील तिथे न्या, मग ते घरापासून लांब असलं तरी चालेल. ठाण्यात सगळं एका जागी मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर परळ आणि महालक्ष्मी इथली प्राण्यांची मोठी रुग्णालयं आहेत, पण फोन करून, आज पेशंट घेणार याची खात्री करूनच निघा. घोडबंदरच्या कोंडीत अडकून, मग बंद दारावरून परत फिरायला चिकूकडे वेळ नाही. रिक्षावाले मोठं कुत्रं घेतीलच असं नाही, तेव्हा शेजाऱ्यांची गाडी किंवा प्राणी नेणारी टॅक्सी आधीच सांगून ठेवा.

निघेपर्यंतच्या वेळात पाळायच्या गोष्टी मोजक्याच आहेत. पाणी तोडू नका. घरात शू होते म्हणून रात्री भांडं उचलून ठेवण्याची चूक अनेक घरांत होते आणि या आजारात ती महागात पडते. का, ते पुढे येईलच. एकदम भरपूर पिऊन उलटी होत असेल तर थोडं थोडं, वरचेवर द्या. खायला मात्र काही देऊ नका, कदाचित आजच भूल द्यावी लागेल. माणसांच्या वेदनेच्या किंवा तापाच्या गोळ्या, म्हणजे पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अजिबात नकोत. आधीच ताणात असलेल्या मूत्रपिंडांवर आणि जठरावर त्यातल्या काही थेट घाव घालतात. पोट दाबून पाहू नका, मुलांनाही तिला मिठी मारू देऊ नका. गाडीत चढवताना पोटाखाली हात घालून उचलण्यापेक्षा चादरीची झोळी करा आणि दोघांनी दोन टोकं धरा. आतापर्यंत दिलेल्या औषधांची पाकिटं आणि आधीचे रक्ताचे रिपोर्ट सोबत घ्या.

इथपर्यंत वाचलं असेल तर निघा. पुढचं दवाखान्याच्या बाकावर बसून वाचता येईल.

तुमचा सगळा गोंधळ एका गोष्टीवरून झालाय : मावशीच्या कुत्रीच्या अंगावरून जात होतं, चिकूच्या जात नाही. पायोमेट्रा म्हणजे गर्भाशयात पू साठणं, आणि त्याचे दोन प्रकार दिसतात. गर्भाशयाचं तोंड थोडं उघडं राहिलं तर पू बाहेर येतो. पिवळसर, हिरवट किंवा चॉकलेटी, रक्त मिसळलेला, वास मारणारा. हा उघडा प्रकार. तोंड घट्ट बंद असेल तर एक थेंबही बाहेर येत नाही, सगळं आतच साठत जातं, आणि त्यातून विष रक्तात उतरत राहतं. हा बंद प्रकार, आणि जास्त घातक हाच. यात पिशवी फुटण्याची भीती असते. फुटली की पू पोटात पसरतो, आणि तिथून मागे येणं फार अवघड. म्हणजे स्राव नसणं हा दिलासा नाही, उलट घाई करण्याचं कारण आहे. दुसरंही एक घडतं. आठवडाभर अंगावरून जात असतं, मग अचानक थांबतं, आणि घरचे म्हणतात, चला, आपोआप बरं झालं. बरेचदा त्याचा अर्थ इतकाच असतो की तोंड मिटलं. काही माद्या स्वतःला इतक्या सतत चाटतात की उघडा प्रकार असूनही फरशीवर काही दिसत नाही. त्यासाठी झोपायच्या जागी पांढरी चादर घालून बघतात, किंवा शेपटीखाली पांढरा टिश्यू हलकेच टेकवून बघतात. चिकूच्या बाबतीत आता तेवढाही वेळ घालवू नका.

हे हीटनंतरच का होतं, हे समजलं की पुढच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं सोपी होतात. कुत्र्यांच्या मादीत हीट सरल्यावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सुमारे दोन महिने चढं राहतं, गर्भ राहिला असो वा नसो. बाईच्या शरीरात गर्भ नसेल तर ते दोनेक आठवड्यांत उतरतं. कुत्रीच्या शरीराला हा फरक कळत नाही. ते दर वेळी गर्भ आहे असं धरूनच तयारी करतं. गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, त्यातल्या ग्रंथी स्राव सोडू लागतात, स्नायूंचं आकुंचन मंदावतं, तोंड मिटतं, आणि तिथली प्रतिकारशक्तीही ढिली पडते, कारण गर्भाला परकं समजून हल्ला होऊ नये. गर्भासाठी हे सगळं योग्यच. पण हीटमध्ये तोंड उघडं असताना योनिमार्गातून वर शिरलेल्या जंतूंनाही हीच व्यवस्था मिळते : ऊब, खाद्य, बंद दार आणि झोपलेला पहारेकरी. बहुतेक वेळा हे जंतू तिच्याच आतड्यातले ई. कोलाय असतात. दर हीटला अस्तर जाड होतं आणि पूर्ण पूर्ववत होत नाही. काही वर्षांत त्यात पाण्याचे फोड धरतात, आणि असं अस्तर जंतूंना आणखी सोयीचं. म्हणून हा आजार मध्यमवयीन आणि म्हाताऱ्या माद्यांत जास्त दिसतो, आणि हीट संपल्यावर साधारण दोन ते आठ आठवड्यांत, क्वचित बारापर्यंत. चिकू त्याच्या अगदी मधोमध आहे.

"वय झालं, आता हीट बंद होईल" हेही ऐकू येतं. कुत्रीला रजोनिवृत्ती नसते. दोन हीटमधलं अंतर वाढेल, रक्त कमी दिसेल, कधी तर हीट आली-गेली कळणारही नाही, पण चक्र चालूच राहतं आणि धोका वयाबरोबर वाढतो. स्वीडनमध्ये पाळीव कुत्र्यांचा विमा मोठ्या प्रमाणावर उतरवतात. तिथल्या नोंदींत नसबंदी न केलेल्या माद्यांपैकी दहाव्या वर्षापर्यंत चार-पाचांत एकीला पायोमेट्रा झालेला आढळला. गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर, बर्नीज यांसारख्या काही जातींत प्रमाण जास्त. एकदा पिल्लं होऊ दिली की पिशवी 'साफ' होते, हा समज मात्र सोडून द्या. पिल्लं झालेल्या काही जातींच्या माद्यांत धोका थोडा कमी दिसला आहे खरा, पण पिल्लं झालेल्या कुत्र्याही पायोमेट्रा घेऊन येतात, आणि एका विणीसाठी पत्करलेली जोखीम त्या बदल्यात फारच मोठी.

आता पाण्याबद्दल. निरोगी कुत्रं दिवसाला किलोमागे साधारण 50 ते 60 मिलिलिटर पितं, म्हणजे चिकूला दीड-पावणेदोन लिटर पुरे. किलोमागे 100 मिलिलिटरच्या वर गेलं की ते नक्कीच जास्त. चिकू चार लिटर पितेय, म्हणजे 130च्या पुढे. गर्भाशयातल्या ई. कोलायचं विष मूत्रपिंडापर्यंत पोचतं, आणि लघवी दाट करण्याचा मेंदूचा हुकूम मूत्रपिंड ऐकेनासं होतं. पातळ लघवी वाहून जात राहते, ती भरून काढायला तिला प्यावंच लागतं. आधी लघवी, मग तहान, असा हा क्रम आहे. पाणी तोडलं तरी लघवी थांबत नाही. फक्त शरीर सुकतं, रक्तदाब पडतो आणि मूत्रपिंड आणखी बिघडतं. हॉलमध्ये झालेल्या शूवरून तिला ओरडला असाल तर आता थांबवा. तिच्या हातात ते नाही.

ताप नाही म्हणून निर्धास्त राहायलाही जागा नाही. कुत्र्याचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट हे नेहमीचं. पायोमेट्रामध्ये ते वाढलेलं असू शकतं, नेहमीसारखं असू शकतं, आणि विष रक्तात पसरल्यावर उलट खाली जातं. 99च्या खाली गेलेलं तापमान, थंडगार पंजे, फिकट किंवा विटकरी-लाल हिरड्या, उभं राहता न येणं, यांतलं काहीही दिसलं तर वाटेतच फोन करून "सलाईन तयार ठेवा" असं कळवा. हिरडी बोटाने दाबून सोडली की गुलाबी रंग दोन सेकंदांच्या आत परत यायला हवा.

तुमच्या डॉक्टरांनी टिक फीव्हरची शंका घेतली यात चूक नव्हतं. ठाण्यात, विशेषतः पावसाळ्याच्या आगेमागे, मरगळ आणि जेवण सोडणं यांचं पहिलं कारण गोचिडीचा ताप हेच असतं. अडचण एवढीच झाली की नसबंदी न झालेल्या मादीत हीटनंतरच्या दोन-अडीच महिन्यांत गर्भाशयाची शंका सोनोग्राफीने पुसून टाकल्याशिवाय दुसऱ्या निदानावर विसंबता येत नाही. दोन्ही एकाच वेळी असूही शकतात. म्हणून प्लेटलेट मोजणं इथे दुहेरी महत्त्वाचं : निदानासाठी, आणि ऑपरेशनमध्ये रक्त गोठेल ना हे पाहण्यासाठी. आणि अँटिबायोटिकने दोन दिवस बरं का वाटलं? औषधाने रक्तातले जंतू कमी झाले, तिला हलकं वाटलं. पण बंद पिशवीतल्या पुवावर त्याचा जोर चालत नाही, आणि ज्या संप्रेरकाने हे सगळं जमवून आणलं ते तसंच चालू. असं दोन दिवसांचं बरं वाटणं फसवं असतं, कारण त्यात आठवडा निघून जातो.

दवाखान्यात काय होईल ते थोडक्यात. सोनोग्राफीत बोटापेक्षा बारीक असायला हवीत ती गर्भाशयाची दोन शिंगं पडवळासारखी फुगलेली आणि आत द्रव भरलेली दिसतील. ती गाभण नाही हेही तिथेच कळतं, कारण महिनाभराच्या गर्भाचे ठोके सोनोग्राफीत दिसतात. एक्स-रेत मात्र पिल्लांची हाडं साधारण सहा आठवड्यांनंतरच उमटतात, त्यामुळे नुसत्या एक्स-रेवर पाचव्या आठवड्यात गफलत होऊ शकते. रक्तात पांढऱ्या पेशी 17,000च्या वर, कधी 30-40 हजारांवर किंवा त्याहूनही पुढे जातात. त्या नेहमीएवढ्या असल्या तरी पायोमेट्रा नाही असं ठरत नाही, आणि फार खाली गेल्या असतील तर ते अधिक वाईट लक्षण, कारण शरीराचा साठा संपत आलेला असतो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं), साखर, पोटॅशियम आणि प्रथिनं बघतील. लघवीचा नमुना पोटातून सुई घालून घेण्याचा प्रस्ताव आला तर "पायोमेट्राची शंका आहे, पिशवीला धक्का लागणार नाही ना?" एवढं विचारा. बहुतेक डॉक्टर स्वतःहूनच ते टाळतात.

निदान पक्कं झालं की चिकूसाठी उपचार एकच : दोन्ही अंडाशयं आणि गर्भाशय काढणं. आधी सलाईनने रक्तदाब आणि मूत्रपिंड सावरायचं, शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायचं, आणि काही तासांत, तब्येत जरा धरली की, टेबलावर घ्यायचं. "आधी आठवडाभर औषधं देऊन ताकद येऊ दे, मग बघू" हा सल्ला बंद पायोमेट्रात स्वीकारू नका. विषाचा साठा आत असताना ताकद येत नाही, जाते. साध्या नसबंदीपेक्षा हे ऑपरेशन वेगळं. चीर मोठी, पिशवी जड आणि तिची भिंत तकलादू, रक्तवाहिन्या सुजलेल्या. अलगद बाहेर काढून, ओल्या कापडाने बाजूचं पोट झाकून, एक थेंब आत न सांडता काम करावं लागतं. म्हणूनच असं ऑपरेशन नेहमी करणारा सर्जन हवा. अंडाशयं मागे ठेवून चालत नाहीत, कारण प्रोजेस्टेरॉन तिथूनच येतं. काढलेल्या पुवाचं कल्चर पाठवायला सांगा. कोणतं अँटिबायोटिक लागू पडतं ते त्यातून कळतं आणि घरी दिलं जाणारं औषध त्यानुसार बदलता येतं.

आणि गोळ्या-इंजेक्शनांचं? प्रोजेस्टेरॉनचा परिणाम रोखणारी आणि गर्भाशय आकुंचित करून पू बाहेर काढणारी औषधं आहेत. ती पैदाशीसाठी जपलेल्या, तरुण, एरवी ठणठणीत आणि उघडा प्रकार असलेल्या माद्यांसाठी वापरतात, दवाखान्याच्या देखरेखीखाली. त्यांनी धापा, लाळ, उलट्या होतात, आणि पुढच्या हीटनंतर आजार परतण्याची शक्यता बरीच असते. बंद तोंडाच्या पिशवीवर आकुंचनाचं औषध दिलं तर पू जाणार कुठे? पिशवीच फाटू शकते. चिकूला पिल्लं नको आहेत, वय साडेआठ, उलट्या सुरू. हा पर्याय तिच्यासाठी नाही. गायी-म्हशींसाठी मिळणारी 'पिशवी साफ करणारी' सरबतं कोणी सुचवली तर तीही नकोत.

सासूबाईंची काळजी समजण्यासारखी आहे, पण तुलना चुकीच्या दोन गोष्टींत होतेय. 'ऑपरेशन की शांतपणे राहू देणं' असा पर्याय इथे नाही. ऑपरेशन न केल्यास पुढे रक्तात विष पसरणं, मूत्रपिंड निकामी होणं किंवा पिशवी फुटणं हेच आहे, आणि त्यात शांत काही नाही. वेळेत ऑपरेशन झालेल्या माद्यांत मृत्यूचं प्रमाण मोठ्या पाहण्यांत शंभरात तीन-चार किंवा त्याहून कमी आढळलं आहे. पिशवी फुटून पोटात पू पसरल्यावर ते कितीतरी वाढतं. साडेआठ वर्षं हे वय लॅब्रॅडॉरला म्हातारं म्हणण्यासारखं नाही, आणि भुलीचा धोका वयापेक्षा आजाराच्या अवस्थेवर ठरतो. आज तो उद्यापेक्षा कमी आहे. त्यांना हे असं सांगून पाहा. हृदयाची शंका असेल तर भुलीआधी ईसीजी करतात. श्वासनळीत नळी, गॅसची भूल, ऑक्सिजन, आणि ऑपरेशनभर नाडी, ऑक्सिजन व रक्तदाब दाखवणारा मॉनिटर या गोष्टी असाव्यात, हे मागताना संकोच करू नका.

खर्च दवाखान्यागणिक इतका बदलतो की आकडा देणं फसवणूक ठरेल. लेखी अंदाज मागा आणि त्यात तपासण्या, ऑपरेशन व भूल, रात्रीचा मुक्काम, सलाईन-औषधं आणि रक्त चढवावं लागल्यास त्याचा खर्च असे भाग वेगळे लिहून घ्या. खर्च झेपणार नसेल तर ते पहिल्याच फोनवर सांगा. धर्मादाय रुग्णालयात हलवायचं असेल तर ते चिकू चालू शकते तोवरच सोयीचं.

ऑपरेशननंतर एक-दोन रात्री दवाखान्यात राहू द्या, सलाईन चालू असते. घरी आल्यावर दहा ते चौदा दिवस गळ्यात कॉलर. "बिचारी अडकते" म्हणून काढली की पंधरा मिनिटांत टाके चाटून उघडतात. जिना, सोफ्यावर उडी, जिलबीबरोबर मस्ती बंद. लिफ्ट नसेल तर झोळी. शी-शूपुरतं पट्ट्यावर, पाच-दहा मिनिटं. आंघोळ नाही, पावसात पोट भिजलं तर टॉवेलने टिपून कोरडं करा. पहिल्या रात्री हिरड्या पांढुरक्या पडल्या, पोट फुगत गेलं, उलट्या थांबल्या नाहीत किंवा बारा तासांत शू झाली नाही तर सकाळची वाट न पाहता फोन करा. जखमेची कडा जराशी लाल असणं चालतं. पाणी झिरपणं, वास येणं किंवा टाक्यांखाली गरम फुगवटा चालत नाही. तहान हळूहळू उतरेल, कधी त्याला दोन आठवडे लागतात. दोन-तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि लघवी पुन्हा तपासा. तेव्हाही पाणी जास्तच असेल तर मूत्रपिंडाला कायमचा फटका बसलाय का किंवा मधुमेहासारखं दुसरं काही आहे का, ते शोधावं लागतं. भूक परतल्यावर लगेच लाड नकोत. नसबंदीनंतर उष्मांकांची गरज उतरते, आणि लॅब्रॅडॉर ही जात मुळातच खादाड. जखम भरली की नेहमीच्या जेवणातून पाचवा हिस्सा कमी करा आणि दर महिन्याला वजन करा.

पोळी टाकून सांभाळलेल्या सोसायटीच्या मादीबद्दलही विचारणा होते, म्हणून एक ओळ : कानाला खाच असेल तर तिची नसबंदी झालेली असते आणि तिला पायोमेट्रा सहसा होत नाही. पण अंडाशयाचा तुकडा आत राहून गेला असेल तर पिशवीच्या उरलेल्या बुंध्यात पू होऊ शकतो. खाच असलेली मादी हीटवर आल्यासारखी वाटली तर दाखवा.

राहिली जिलबी. पायोमेट्रा एकीकडून दुसरीला लागत नाही, तेव्हा दोघींना वेगळं ठेवायचं ते फक्त चिकूच्या टाक्यांसाठी. पण तीन वर्षांत तिच्या बऱ्याच हीट होऊन गेल्या आहेत, आणि पैदास करायची नसेल तर तिची नसबंदी लांबवण्याचं कारण दिसत नाही. हीटमध्ये किंवा लगेच नंतर करत नाहीत, तेव्हा तिथे रक्तपुरवठा वाढलेला असतो. हीटनंतर सुमारे तीन महिन्यांनी पिशवी शांत असते. दोन महिने झालेत, म्हणजे पुढच्या महिन्यात. तोवर पाणी आणि जेवण यांवर नजर ठेवा, कारण तीही सध्या त्याच धोक्याच्या काळात आहे. स्तनांत दूध उतरलं असेल, उश्या-खेळणी गोळा करून त्यांची राखण करत असेल, तर तो खोटा गर्भ. तो उतरेपर्यंत थांबा, नाहीतर दूध आणि ते वागणं रेंगाळतं. तोवर हीट पुढे ढकलणारं किंवा चुकून झालेल्या संबंधानंतरचं इंजेक्शन कोणी सुचवलं तर नको म्हणा. त्यातली संप्रेरकं पायोमेट्राला आमंत्रणच देतात. ऑपरेशनच्या आठवडाभर आधी तिच्या रक्तातल्या प्लेटलेट मोजून घ्या, गोचिडी असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करा, आणि डॉक्टरांकडे जाताना शेवटच्या हीटला रक्त दिसू लागलं ती तारीख लिहून न्या.